दुसरीकडे वाजत आहे

मला राग लवकर येतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तो लवकर जातो हे मात्र कोणाला माहीत नाही, कारण एक जायच्या आत दुसरा येतो. पण त्या गाण्याच्या अ‍ॅपवर मी जेवढी भडकले तेवढी माणसांवरही कधी भडकले नसेन. माणूस निदान उलट बोलतो. हे मेलं गोड हसतं आणि म्हणतं, तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं.

माझं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. माझ्या वयाच्या बायकांनी लग्नं केली, मी दुकान केलं. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबल, भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या आणि कोपऱ्यात उभ्या रचलेल्या काचा. काचेवर कटर ओढला की असा किर्र आवाज होतो की दात शिवशिवतात, म्हणून दुकानात दिवसभर गाणी लागतात. आधी माझा जुना रेडिओ होता. मग धाकटी आली आणि तिच्याबरोबर तिचा टॅब आला. काउंटरवर टॅब, वर फळीवर स्पीकर. आवाज छान होता, खोटं कशाला बोलू.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. वर्षाच्या सुरुवातीला एक बॅग घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली ती थेट माझ्या दारात. मी काही विचारलं नाही, पलंगावरची माझी उशी उचलली आणि भिंतीकडे सरकवली. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात. माउंट कापायचं काम तिने इतकं पटकन उचललं की मीच बघत राहिले. माउंट म्हणजे चित्राभोवती बसतो तो जाड कागदाचा चौकोन. त्याची आतली खिडकी तिरक्या पात्याने कापावी लागते आणि चारही कोपऱ्यांवर पातं नेमकं थांबवावं लागतं. जरा पुढे गेलं की अख्खा कागद वाया. तिचं थांबायचं.

तिच्या नवऱ्याला आई 'जावईबापू' म्हणते. मीही जावईबापूच म्हणते, फक्त दात आवळून. त्याने तिला कधी मारलं नाही, कधी शिवी दिली नाही. हे आई मला इतक्यांदा ऐकवते की वाटतं, त्याबद्दल त्याला शाल द्यायला हवी. तो बोलायचाच नाही. ही दिवसभरातलं काही सांगायला लागली की हा टीव्हीचा आवाज वाढवायचा. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आई आणि मी आळीपाळीने दवाखान्यात बसलो. घरी सोडायच्या दिवशी हा आला. वर नाही आला, खालून हॉर्न वाजवला. टाके पडलेलं पोट एका हाताने धरून ती जिना उतरली, सामान माझ्या हातात. त्याने आतूनच कळ दाबून डिकी उघडली. उतरला नाही. त्याच दिवशी मी त्या गाडीची काच फोडली असती, पण काचेची किंमत मला माहीत आहे.

असा तो माणूस. ती त्याला सोडून आली तर मी मनातून पेढे वाटले. तिने जवळच एक छोटी खोलीही बघून ठेवली होती, स्वतःची. मालकीणबाई चांगल्या होत्या. महिनाअखेरीला राहायला जायचं ठरलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमाराला, दुकानातलं गाणं मध्येच बंद पडलं.

मी काच कापत होते, ती माउंट. मला वाटलं वीज गेली, पण पंखा फिरत होता. धाकटी काउंटरपाशी गेली आणि टॅबकडे बघून तिथेच उभी राहिली. मी हात पुसत गेले. पडद्यावर लिहिलं होतं: दुसरीकडे वाजत आहे. माझी गाडी. आणि खाली गाण्याचं नाव, गाणाऱ्या बाईचा डोळ्यांत पाणी आणलेला फोटो. परत ये, वाट बघतेय, दार उघडं आहे, असलं काहीतरी गाणं.

"माझी गाडी म्हणजे कोणाची?" मी विचारलं.

"त्याची," ती म्हणाली. "त्यानेच नाव दिलंय तसं. आमचं खातं एकच आहे ना. एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं."

"मग वेगळं घे."

गाणं संपेपर्यंत ती टॅबवरची ती सरकणारी रेघ बघत राहिली. आवाज नाही, काही नाही, नुसती रेघ.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच. तिसऱ्या दिवशीही. गाणी वेगवेगळी, पण सगळी एकाच माळेतली. कुठे विरह, कुठे आठवण, कुठे चुकलो मी, माफ कर. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, तो मुद्दाम लावतोय. त्याला माहितीये मला इथे दिसतं."

"मग फोन करायला काय झालं? बोटं झडली का?"

"त्याला बोलता येत नाही गं. तो असाच आहे. त्याला असंच जमतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं हिच्याशी धड एक वाक्य बोलला नाही, आणि आता गाडीत बसून भाडोत्री रडं पाठवतोय! रडणारी बाई दुसरी, लिहिणारा तिसरा, चाल देणारा चौथा. याने काय केलं? तर बटण दाबलं. ज्याने डिकीसुद्धा बटण दाबून उघडली त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची! मी हे सगळं तिला बोलले, आणखीही बरंच बोलले. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे तर कहर झाला. ती उत्तरं द्यायला लागली. त्याचं गाणं सुरू झालं की ही टॅबवर आपलं गाणं लावायची. मला का छळतोस, आता उशीर झाला, वगैरे. हिचं वाजायला लागलं की त्याचं बंद. मग मिनिटा-दोन मिनिटांत त्याचं परत सुरू, हिचं बंद. मग पुन्हा ही. काउंटरवर ओणवी होऊन ती खुदकन हसायची.

"भांडतोय," म्हणायची. "बघ ना ताई, ऐकतच नाही. किती हट्टी आहे."

तिच्या गालांवर रंग चढलेला मी किती दिवसांनी बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला तो टॅब उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावासा वाटत होता.

कामाची तर वाट लागली. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आपल्या शिष्येचं पदक फ्रेम करायला देऊन गेल्या होत्या. धाकटीने संध्याकाळी माउंटची खिडकी कापली ती एवढी मोठी, की पदक त्यातून आरपार निघून टेबलाखाली घरंगळलं. दुसरा माउंट कापला, त्यात कोपऱ्यावर पातं पुढे गेलं. तिसरा मी कापला. बाई समोर उभ्या, मी घामाघूम, आणि ही टॅबसमोर. तेव्हाही मी गप्प बसले, यावर माझा स्वतःचा विश्वास बसत नाही.

गप्प बसले ती बुधवारपर्यंत. बुधवारी दुकान बंद करताना ती म्हणाली, "ताई, मी त्या खोलीला नाही म्हणून कळवलं."

"का?"

"मी घरी जाऊन बघते. शुक्रवारी आईकडे जाते, तिथून आई त्याला फोन करणार आहे, तो न्यायला येईल." आणि माझं तोंड उघडायच्या आत, "तू काही बोलू नकोस. इतकं कोणी कोणाला बोलावत नाही, ताई. रोज! एक दिवस चुकला नाही त्याचा."

मी ठरवलं की शुक्रवारच्या आत हे गाणं बंद करायचं. बोलावणंच बंद पडलं की ही दोन दिवस शांत डोक्याने विचार करेल. एवढंच मला हवं होतं. यात अवघड ते काय, एक बटण दाबायचं. त्याला येतं, तर मला येणार नाही?

गुरुवारी ती अंघोळीला गेल्यावर मी टॅब घेतला. खातं, मग सदस्यत्व, मग आणखी, मग मदत, मग आणखी मदत. शेवटी एक रडवा चेहरा आला, लहान मुलं काढतात तसला, आणि खाली: हे सदस्यत्व या उपकरणावरून रद्द करता येत नाही. जिथून घेतलं तिथून रद्द करा. कुठून घेतलं ते सांग ना मग! ते नाही सांगत.

मग तिचा फोन घेतला. त्यात अ‍ॅपच नव्हतं, तिने केव्हाच काढून टाकलं होतं. म्हटलं, मग चालू कसं? तर तिथे बारीक अक्षरांत उपदेश: अ‍ॅप काढलं म्हणजे सदस्यत्व रद्द होत नाही. बरं बाई, शहाणे. अ‍ॅप पुन्हा घातलं. त्यावर रद्द करायचं बटण होतं, पण राखाडी, दाबलं तरी दबत नाही. त्याच्याखाली निळं, गलेलठ्ठ बटण: तीन महिने मोफत घ्या. मी चुकून ते दाबलं. आता फुकटात आणखी तीन महिने त्याचं रडगाणं!

दुकानात जाऊन कॉम्प्युटर लावला. तिथे विचारलं, का जाताय? पाच कारणं दिली होती. गाणी आवडत नाहीत, आवाज चांगला नाही, असली. 'बहिणीचा नवरा' असं कारण त्यात नव्हतं. मी 'इतर' वर टिचकी मारली. तर म्हणे, इतर म्हणजे काय ते थोडक्यात लिहा. मी थोडक्यात लिहिलं. ते इथे सांगण्यासारखं नाही. पुढचं पान उघडलं: टीव्हीमार्फत घेतलेले सदस्यत्व टीव्हीवरूनच रद्द करावे.

टीव्ही! आमच्या घरी टीव्ही नाही. दुकानात नाही. टीव्ही आहे आईकडे, आणि तो बसवून दिला होता जावईबापूंनी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी तो आईच्या सोफ्यावर बसून, आईचा फोन हातात घेऊन, काय काय जोडत होता. 'तुम्हाला काही करायला नको, सगळं मी करतो' म्हणत होता. आई कौतुकाने चहावर चहा देत होती. म्हणजे खातं आईचं, भरणार आई, आणि गाणी ऐकणार हा. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, टीव्हीवर ते गाण्याचं आहे ना, ते बंद करायचंय. मी सांगते तसं दाब."

"मुळीच नाही," आई म्हणाली. इतकी पटकन म्हणाली की मला कळलं, तिला सगळं माहीत आहे. धाकटीने तिला सांगितलं होतं. "तेवढा एकच धागा उरलाय त्या दोघांत. आणि तो तू तोडायला निघालीस? तुला काय कळतंय त्यातलं?"

मी फोन ठेवला नाही, आपटला.

शुक्रवारी संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि धाकटीला म्हटलं, चल, मी सोडते. तिला नवल वाटलं. बॅग पायांत घेऊन मी स्कूटर चालवत होते, ती मागे. वाटेत तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. "तू रागावलेली नाहीस ना?" म्हणाली. मी म्हटलं, नाही. एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

आईचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत सोफा, त्यासमोर भिंतभर टीव्ही. चपला काढायच्या आत मी रिमोट उचलला. टीव्ही लागला, गाण्याचं ते चिन्ह दाबलं, आणि पडद्यावर आलं: दुसरीकडे वाजत आहे. माझी गाडी. एवढ्या मोठ्या अक्षरांत. धाकटी बॅग हातात धरूनच उभी राहिली.

"आलं बघ आजचं," ती हळूच म्हणाली.

"आई, हे मी बंद करतेय," मी म्हटलं.

आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात म्हणून खालच्या दुकानातही जात नाही. पण त्या क्षणी ती अशी झेपावली की रिमोट माझ्या हातातून गेला कधी ते मला कळलंच नाही. तिने मागचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढले आणि मुठीत धरून बसली. रिमोट मला परत दिला.

"घे. कर बंद."

मी इकडेतिकडे बघितलं. टेबलावर तिचं बीपी मोजायचं मशीन होतं. मी ते पालथं केलं आणि त्यातले सेल काढून रिमोटमध्ये घातले.

"अगं, माझं बीपी आता कशावर मोजू?"

"आज मोजूच नकोस," मी म्हटलं.

खातं. सदस्यत्व. इथे ते बटण राखाडी नव्हतं. आई माझ्या दंडाला धरून ओढत होती. "तू संसार केला नाहीस, तुला काय त्याची किंमत! जरा कुठे जुळायला लागलंय. तुझ्या नाकावर कायम राग. त्यात आपल्या बहिणीचं घर जाळणार आहेस का?"

"जळायला घर होतं कुठे? आई, ती दवाखान्यातून निघाली तेव्हा तू खिडकीत होतीस. तू बघितलंस ना? तो गाडीतून उतरला तरी का?"

"बघितलं. सगळं बघितलं मी," आईचा आवाज फुटला. "पण मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागे तिचं कोण आहे, सांग? कोण आहे तिचं?"

मी तिच्यासमोर उभी होते. एका हातात रिमोट, दुसरा दंड तिच्याच हातात. मी, जिच्या पलंगावर ती पोर इतके महिने झोपत होती. माझ्या आईला मी दिसत नव्हते.

"मी कोण आहे मग?" मी ओरडले. "भिंतीला टेकवलेली पट्टी?"

"तुझं वेगळं," आई म्हणाली.

आजवर आई मला खूप बोलली आहे आणि मी तिला त्याहून जास्त. पण हे दोन शब्द जसे लागले तसं काही लागलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं, म्हणून मी बटण दाबलं. तुम्हाला नक्की रद्द करायचं आहे का? हो. थांबा, जाण्याआधी ही खास सवलत बघा. नको. तुमची आवडती गाणी तुम्हाला मिस करतील. करू देत.

"ताई, नको ना," धाकटी म्हणाली. ती सोफ्याच्या कडेवर बसली होती आणि पडद्याकडेच बघत होती. "एवढं आजचं संपू दे. मग कर. मी पाया पडते तुझ्या."

मी तिच्याकडे बघितलं असतं तर थांबले असते. म्हणून बघितलं नाही. रद्द झालं. खाली आणखी एक ओळ होती: सर्व उपकरणांवरून बाहेर पडा. तीही दाबली. गाण्याचं नाव गेलं, 'माझी गाडी' गेली, पडदा निळा झाला. तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं.

धाकटी दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागली. "तू काय केलंस? त्याला वाटेल मी केलं. त्याला वाटेल मला नकोय तो." आई मटकन खाली बसली आणि तिनेही डोळ्यांना पदर लावला. मी रिमोट धरून मध्ये उभी. दोघी रडताहेत आणि खलनायक मी. मनात म्हटलं, तसं तर तसं.

तेवढ्यात आईचा फोन वाजला.

आईने नाव बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम दिवा लागला. "त्यांचाच आहे! बघ, लगेच केला फोन. आतड्याला पीळ पडल्याशिवाय का करेल कोणी?" धाकटीने रडणं थांबवलं, चेहरा पुसला, केस मागे घेतले. फोनवर कोण बघणार आहे? पण तिने केस मागे घेतले. आई फोन नेहमी स्पीकरवरच टाकते आणि आरशासारखा तोंडासमोर धरते, तसाच तिने धरला.

"आई, ते गाण्याचं काय झालं हो?" जावईबापू म्हणाले. मागे गाड्यांचे आवाज येत होते. "एकदम बंद पडलं. पासवर्ड मागतंय. तुम्ही काही दाबलंत का?"

"जावईबापू, मी तुम्हाला फोन करणारच होते," आई आनंदाने म्हणाली. "ती इथेच आहे. माझ्यासमोर बसलीये."

"कोण?"

आईचं तोंड उघडं राहिलं. मी धाकटीकडे बघितलं. ती फोनकडे बघत होती.

"अच्छा, ती होय," तो म्हणाला. "मग बरं झालं. तिला येतं ते सगळं. तिला म्हणावं जरा चालू करून दे, मी सिग्नलला उभा आहे."

"अहो पण…" आई चाचरली. "ती गाणी. रोज संध्याकाळी तुम्ही तिच्यासाठी लावता ना, ती बघते हो सगळी. तिला कळतं तुमच्या मनातलं."

"कुठली गाणी? मी कुठे लावतो? गाडी सुरू केली की आपोआप लागतात. मी बातम्यांच्या जागी ते ठेवलंय." मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. "आणि आई, सांगायचं राहूनच जातं. तुम्ही संध्याकाळी टीव्हीवर गाणी लावत जाऊ नका ना. माझं सारखं मध्येच बंद पडतं. रोज दोन-तीनदा परत चालू करावं लागतं, गाडी चालवता चालवता. वैताग येतो."

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मी त्याला फाडून खाईन. माझ्या तोंडात शब्द तयार होते, आयुष्यभराचे साठवलेले. पण धाकटी उठली. तिने आईच्या हातातून फोन घेतला, अगदी हळू, आईची बोटं एकेक सोडवत.

"ते आई नव्हती लावत," ती म्हणाली. "मी लावत होते."

"तू? अगं मग मध्ये मध्ये कशाला लावायचं? माझी ती वेळ असते ना घरी जायची." आणि मग, "बरं ते जाऊ दे. पासवर्ड काय आहे?"

तिने श्वास घेतला. मला वाटलं, आता ही सांगते. हिचा काही नेम नाही.

"स्वतःचं घे," ती म्हणाली आणि फोन बंद करून सोफ्यावर पालथा ठेवला.

"मेला," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून जावईबापूंसाठी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मुठीतले ते दोन सेल तिने टेबलावर ठेवले, पण ते गडगडत खाली गेले आणि कोणी उचलले नाहीत.

मी धाकटीजवळ जाऊन बसले. मी म्हटलं होतं ना, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. देवाशपथ, मी ते गिळलं. कारण मी तरी काय म्हटलं होतं? मलाही वाटत होतं तो बोलावतोय. महिनाभर आम्ही तिघी साप साप म्हणून भुई धोपटत होतो, आणि तो आपला गाडीत बसून घरी जात होता.

"रडून घे," मी म्हटलं.

पण ती रडत नव्हती. ती त्या निळ्या पडद्याकडे बघत होती आणि तिला काहीतरी मला समजावून सांगायचं होतं, अगदी मनापासून, लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायची तसं.

"ताई, तुला माहितीये का," ती म्हणाली, "आमच्या सगळ्या लग्नात आम्ही दोघं एवढं कधी बोललो नव्हतो."